मिशा असलेली आई

२३ जून हा गिजुभाई बधेका यांचा स्मृतिदिन. महाराष्ट्रातील बहुतेक शाळा या सुमारास नुकत्याच उघडलेल्या असतात. दप्तरांचा नवा वास अजून गेलेला नसतो, आणि बालवर्गाच्या दाराशी आईचा पदर मुठीत गच्च धरून हंबरडा फोडणारे एखादे मूल अजूनही दिसते. ते पाहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यात काही वावगे वाटते. मूल शाळेत जाताना रडायचेच, चार दिवसांनी गप्प होते, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. गप्प होण्यापूर्वी त्या मुलाच्या मनात काय घडते, हा प्रश्न सौराष्ट्रातील एका वकिलाने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी स्वतःला विचारला आणि त्यापायी चालती वकिली सोडली. गुजरातने त्याला ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, असे नाव दिले. हे नाव थट्टेचे नव्हे. लहान मुलांना शिकविणे हे पुरुषाचे काम नव्हे असे मानणाऱ्या समाजाने दिलेली ती कबुलीच होती.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी आजच्या अमरेली जिल्ह्यातील चितळ गावी झाला. सौराष्ट्र तेव्हा लहानमोठ्या संस्थानांत वाटले गेले होते, आणि तेथील गावठी शाळा आपल्याकडील पंतोजींच्या शाळांहून निराळी नव्हती. धूळपाटी, पाढ्यांचा घोष आणि त्या घोषावर पहारा करणारी छडी, एवढ्यात सारे विद्यादान सामावत असे. गिजुभाई त्याच शाळेत शिकले. पुढे त्यांनी भावनगरच्या सामळदास कॉलेजात प्रवेश घेतला, परंतु घरच्या जबाबदाऱ्यांनी शिक्षण अर्धवट राहिले आणि १९०७ साली पोटापाण्यासाठी त्यांनी पूर्व आफ्रिकेचा रस्ता धरला. याच कॉलेजात काही वर्षांपूर्वी गांधींनीही थोडा काळ काढला होता. तेही पुढे वकील झाले आणि तेही आफ्रिकेला गेले. साम्य याहून पुढे ताणण्याचे कारण नाही. मात्र त्या काळच्या काठेवाडी तरुणापुढे कोणत्या वाटा मोकळ्या होत्या, हे त्यावरून समजते.

आफ्रिकेत त्यांनी एका सॉलिसिटरच्या हाताखाली काम केले. स्वतःचे काम स्वतः करावे, दुसऱ्याच्या हाताकडे पाहू नये, हा धडा त्यांना तेथे मिळाला, आणि पुढे बालमंदिरात तो फार निराळ्या रूपाने उपयोगी पडला. १९०९ साली ते परतले, मुंबईस जाऊन त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिली सुरू केली. वकिली चांगली चालू लागली होती. सामान्य माणसाच्या चरित्राचा शेवट येथे सुखाने होतो.

१९१३ साली त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव नरेंद्र. आपल्या मुलाला कोणत्या शाळेत घालावे या काळजीने गिजुभाई शाळा पाहू लागले, आणि प्रत्येक शाळेत त्यांना स्वतःचीच जुनी शाळा भेटली. असे बापाला वाटणे यात नवल नाही. बहुतेक बाप एक उसासा टाकतात आणि त्यातल्या त्यात बऱ्या शाळेत नाव घालून मोकळे होतात. या बापाने मुलांच्या शिक्षणाविषयी मिळेल ते वाचावयास घेतले आणि त्या वाचनात त्यांच्या हाती मारिया मॉन्टेसोरी या इटालियन विदुषीच्या प्रयोगांची माहिती आली. गिजुभाई आफ्रिकेला निघाले त्याच वर्षी, १९०७ साली, रोममधील सान लोरेन्झो या गरिबांच्या वस्तीत या बाईंनी आपले पहिले बालगृह उघडले होते. बाई शिक्षिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. मूल हे मोठ्या माणसाची लहान आवृत्ती नसून त्याला स्वतःची वाढीची गती आहे, हाताला काम मिळाले की त्याचे चित्त आपोआप एकाग्र होते आणि बक्षीस व शिक्षा या दोन्ही गोष्टी त्या एकाग्रतेच्या वैरी आहेत, हे त्यांनी डॉक्टरी निरीक्षणाने ठरविले होते. पुराव्याशिवाय न बोलणाऱ्या वकिलाला हे पटले.

भावनगरला १९१० साली नानाभाई भट्ट यांनी दक्षिणामूर्ती नावाचे विद्यार्थिभवन सुरू केले होते. नानाभाई प्राध्यापक होते आणि तेही आपली चांगली नोकरी सोडून या कामात उतरले होते. दक्षिणामूर्ती हे गुरुरूपातील शंकराचे नाव. १९१६ साली वकिली सोडून गिजुभाई या संस्थेत दाखल झाले. आरंभी त्यांच्याकडे वसतिगृहातील आणि विनयमंदिरातील, म्हणजे माध्यमिक शाळेतील, मोठी मुले होती. ते काम त्यांनी मनापासून केले, परंतु थोड्याच वर्षांत त्यांच्या ध्यानात आले की आपण फार उशिरा पोचतो आहोत. बारा-चौदा वर्षांचे मूल शाळेत येते तेव्हा त्याचे भय, त्याची लबाडी, विचारल्याशिवाय न बोलण्याची त्याची सवय हे सारे तयार होऊन आलेले असते. शिक्षकाची निम्मी शक्ती मग झालेले नुकसान भरून काढण्यात जाते. म्हणून खाली, आणखी खाली गेले पाहिजे, अडीच-तीन वर्षांच्या मुलापर्यंत. हायस्कुलाच्या आचार्याने बालवर्गाकडे जाणे ही जगाच्या हिशेबी पदावनती होय. आजही ती तशीच मानली जाते. ज्याचे शिक्षण कमी आणि पगार त्याहूनही कमी, त्याच्या हाती सर्वांत लहान मुले सोपविण्याची आपली रीत बदललेली नाही.

१९२० साली दक्षिणामूर्तीचे बालमंदिर सुरू झाले आणि दोन वर्षांत तख्तेश्वराच्या टेकडीजवळ त्याला स्वतःची इमारत मिळाली. तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधींनी केले. या बालमंदिरात घंटेबरोबर विषय बदलत नसे. मूल येई, आपले आसन उचली, आपल्याला हवे ते साधन घेई आणि मनाची तृप्ती होईपर्यंत त्याच्याशी खेळे. लाकडी दट्ट्या खाचेत बसविणे, गुंड्या लावणे व काढणे, न सांडता पाणी ओतणे, रंगांच्या छटा लावणे, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरविणे, अशी ती कामे होती. एकच काम मूल पंधरा वेळा करी आणि कोणी त्याला उठवीत नसे. त्याशिवाय बाग होती, प्राणी होते, गाणे, गरबा, नाटक, भटकंती आणि गोष्टी होत्या. शिक्षकाने कमीत कमी बोलावे आणि जास्तीत जास्त पाहावे, मुलाचे निरीक्षण लिहून ठेवावे, असा तेथील दंडक होता. बोलणे हाच ज्यांचा धंदा, त्या मास्तरांना हा दंडक किती जड गेला असेल, हे शिक्षकवाचकांना सांगावयास नको.

येथे एक गोष्ट विशेष पाहण्याजोगी आहे. गिजुभाई मॉन्टेसोरीबाईंचे भक्त होते, परंतु अंधभक्त नव्हते. बाईंना लहान मुलांसाठी पऱ्यांच्या आणि अद्भुताच्या कथा फारशा पसंत नव्हत्या. मुलाला अजून खऱ्या जगाची ओळख व्हावयाची असते, त्याच्यावर मोठ्यांच्या कल्पना लादू नयेत, असा त्यांचा मुद्दा होता. गिजुभाईंनी नेमकी कथाच आपल्या बालमंदिराच्या मध्यभागी आणून बसविली. काठेवाडातील म्हाताऱ्यांच्या तोंडच्या गोष्टी त्यांनी गोळा केल्या, त्यांतील तालबद्ध पुनरुक्ती जपली, आणि सात शेपट्यांचा उंदीर, आनंदी कावळा असली मंडळी गुजरातच्या घराघरांत नेऊन सोडली. त्यांनी कथाकथनाचे शास्त्रच लिहिले. कोणत्या वयाला कोणती कथा, ती कशी निवडावी, कशी सांगावी याचा इतका बारीक विचार त्या काळी भारतीय भाषांत क्वचितच कोणी केला असेल. कथा नीतिपाठ देण्यासाठी सांगू नये, तिचा पहिला हेतू आनंद आहे, हा त्यातील आग्रह आपल्याकडे अजून पचलेला नाही. गोष्ट संपली की तात्पर्य विचारल्याशिवाय आपल्या मास्तरांचे समाधान होत नाही. त्या तात्पर्याने गोष्टीचा जीव जातो, हे मुलांना कळते.

त्यांच्या दोनशेहून अधिक लहानमोठ्या पुस्तकांपैकी आज सर्वत्र वाचले जाते ते ‘दिवास्वप्न’. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते गुजरातीत आले आणि पुढे अनेक भारतीय भाषांत गेले. एक तरुण शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन प्रयोगासाठी चौथीचा वर्ग मागतो, आणि अधिकारी काहीशा गमतीने तो देतो. पहिल्याच दिवशी हा तरुण पुस्तकात वाचलेला शांततेचा खेळ मांडतो. खिडक्या बंद होतात, अंधार होतो, आणि अंधारात मुले नाना आवाज काढू लागतात. सगळा बेत फसतो. एवढ्या मोठ्या शिक्षणतज्ज्ञाने आपल्या नायकाची अशी फजिती पहिल्याच पानांवर करावी, यात त्यांचा प्रामाणिकपणा आहे. शिक्षणावरील बहुतेक पुस्तकांत प्रयोग फसतच नाहीत, आणि म्हणूनच ती वर्गात उपयोगी पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो शिक्षक गोष्ट सुरू करतो, आणि गोष्टीच्या मागोमाग शिस्त येते, पुस्तके येतात, नखे कापणे, केस विंचरणे, तुटलेल्या गुंड्या लावणे येते. इतर शिक्षक हसतात, पालक कुरकुरतात, अधिकाऱ्याला वेळापत्रकाची चिंता पडते. अखेरीस वर्ग परीक्षेला उतरतो, परंतु पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाच्या शर्यतीतून तो बाहेर पडलेला असतो. कथा काल्पनिक आहे. तिच्यातील हेडमास्तर, तिच्यातील तपासणी आणि तिच्यातील पालक मात्र कोणत्याही जिल्ह्यात आजही सापडतील.

पालकांना गिजुभाईंनी जे सांगितले ते शिक्षकांना सांगितल्यापेक्षा अधिक कडक होते. आईबाप होणे सोपे नाही, असे सांगणारे एक पुस्तकच त्यांनी लिहिले, आणि घराघरांतून मुलांशी होणाऱ्या रोजच्या कटकटीचे प्रसंग दुसऱ्या पुस्तकात मांडले. त्यांतील घरे सज्जनांची आहेत. तेथे कोणी मुलाला उपाशी ठेवीत नाही. परंतु मूल स्वतःच्या हाताने जेवू लागले की सांडेल म्हणून घास भरवला जातो, मूल प्रश्न विचारते तेव्हा पाहुण्यांसमोर त्याला गप्प केले जाते, आणि त्याच पाहुण्यांसमोर त्याला श्लोक म्हणून दाखवावयास उभे केले जाते. मुलाचा अपमान मारण्याने होतो तितकाच या प्रदर्शनाने होतो, हे त्यांनी सुशिक्षित गुजराती घरांना ऐकविले. मूल विचारी व्हावे असे प्रत्येकाला वाटते. मात्र विचारी मूल आपल्यालाही प्रश्न विचारील, याची तयारी थोड्यांची असते. ही गाठ गिजुभाईंनी अचूक ओळखली होती.

त्यांनी सांगितलेली एक लोककथा गुजरातेत सर्वतोमुखी आहे. दुकानदार बापाच्या कामात व्यत्यय आणून लहान मुलगा समोरचा कावळा पुन्हा पुन्हा दाखवितो. बाप प्रत्येक वेळी त्याच शांतपणे होकार देतो, आणि ते सारे वहीत नोंदवून ठेवतो. वर्षे लोटतात. मुलगा दुकानाचा धनी होतो. म्हातारा बाप एके दिवशी दुकानात येऊन तसाच कावळा दाखवू लागतो. दोन-चार वेळांत मुलगा त्रासून जातो, तेव्हा बाप जुनी वही काढून त्याच्यासमोर ठेवतो. ही कथा बहुधा मुलांनी आईबापांचा मान ठेवावा म्हणून सांगितली जाते. गिजुभाईंचे सारे लेखन ध्यानात घेऊन ती वाचली तर नजर त्या पहिल्या बापावर खिळते. गिऱ्हाईक ताटकळत असताना शंभर वेळा कावळ्याकडे पाहणारा दुकानदार, हा त्यांचा आदर्श पालक होता.

महाराष्ट्राचा या कार्याशी संबंध आला तो ताराबाई मोडक यांच्यामुळे. मुंबईत वाढलेल्या, प्रार्थनासमाजी वळणाच्या घरातील, १९१४ साली पदवीधर झालेल्या ताराबाई राजकोटला स्त्री-अध्यापिकांच्या विद्यालयाच्या प्राचार्या होत्या. गिजुभाईंचे काम त्यांच्या कानावर आले आणि १९२३ साली आपल्या लहान मुलीला घेऊन त्या भावनगरला आल्या. नऊएक वर्षे त्यांनी तेथे काम केले. बालमंदिराच्या जोडीला शिक्षक तयार करणारे अध्यापनमंदिर उभे राहिले, शिक्षणपत्रिका निघाली आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षणपत्रिकेची मराठी आवृत्ती पुढे ताराबाईंनी चालविली आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला. मराठी मध्यमवर्गाला ‘बालमंदिर’ हा शब्द आज आपलाच वाटतो. त्याची वाट मात्र भावनगरहून आलेली आहे.

गिजुभाईंच्या कामाला मर्यादा होत्या, आणि त्या झाकून ठेवणे हा त्यांचा गौरव नव्हे. तख्तेश्वराच्या टेकडीवर येणारी मुले मुख्यतः शहरातील पांढरपेशा घरांतील होती. रोमच्या गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत आपल्याकडे येईपर्यंत महागड्या साधनांची झाली आणि सुखवस्तूंच्या अंगणात स्थिरावली. याची बोच गिजुभाईंना नव्हती असे नाही. ‘दिवास्वप्न’ साध्या सरकारी शाळेत घडते, मॉन्टेसोरीच्या साधनांशिवाय घडते, हे त्या बोचेचेच चिन्ह मानावे लागते. १९३० च्या सत्याग्रहाच्या दिवसांत त्यांनी बालमंदिराबाहेर पडून मुलांत काम केले, निरक्षर प्रौढांच्या शिक्षणाकडेही लक्ष वळविले. परंतु गावातील आणि कष्टकऱ्यांच्या मुलांपर्यंत ही पद्धत नेण्याचा मोठा उद्योग त्यांच्या हातून व्हावयाचा राहिला.

वेळही थोडा होता. १९२९ साली गुजरातने त्यांना रणजितराम सुवर्णचंद्रक देऊन साहित्यिक म्हणून मान दिला. परंतु वीस वर्षे एका ध्येयाने एकत्र आलेली माणसे पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेली. १९३६ साली गिजुभाईंनी दक्षिणामूर्ती सोडली. नानाभाईंनी १९३८ साली आंबला गावी ग्रामदक्षिणामूर्ती काढली, हरभाई त्रिवेदींनी १९३९ साली भावनगरातच घरशाळा सुरू केली. ध्येयवादी संस्थांतील मतभेद बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतात, आतल्यांना ते आयुष्य तोडणारे असतात. गिजुभाई राजकोटला गेले, तेथे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून अध्यापनमंदिराची मांडणी केली. प्रकृती मात्र साथ देत नव्हती. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय त्रेपन्न. त्यानंतर पाच महिन्यांनी, नोव्हेंबर १९३९ मध्ये, मारिया मॉन्टेसोरी भारतात आल्या आणि महायुद्धामुळे येथेच अडकून काही वर्षे राहिल्या. ज्यांच्यासाठी या माणसाने वकिली सोडली, त्या बाईंची आणि त्यांची भेट भारताच्या भूमीवर होऊ शकली नाही.

२००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास बंदी केली, आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेण्यासही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन वर्षांच्या मुलापासून शिक्षणाचा पाया मोजावयास सुरुवात केली. कागदावर गिजुभाईंचा विजय झाला असे म्हणावयास हरकत नाही. कायद्याचा तो हक्क मात्र सहाव्या वर्षी सुरू होतो. अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती गृहपाठाची वही देणाऱ्या आणि त्याबद्दल भरमसाट शुल्क घेणाऱ्या वर्गांपर्यंत तो पोचत नाही, आणि त्या वर्गांच्या दाराशी रांग लावणारे आपण सुशिक्षित पालकच आहोत.

गिजुभाईंचे अपुरे राहिलेले काम ताराबाईंनी हाती घेतले, तेही शहर सोडून. दादरची शाळा भरभराटीला आलेली असताना १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, आणि तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीच्या हरिजन वस्तीतील मुले शाळेत येईनात, म्हणून शाळाच वस्तीत गेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवावयाची, त्यांना आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे आणि मग गाणी-गोष्टी. ‘दिवास्वप्ना’तील मास्तर दुसऱ्या कोणत्या क्रमाने निघाला होता? परदेशी साधनांची जागा शिंपले, बिया, दोरा आणि माती यांनी घेतली. पुढे या दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेल्या. तेथे मुले गुरांमागे रानात जात, शाळेच्या वेळेला सापडत नसत. तेव्हा शिक्षक गुरांमागे निघाले, आणि जेथे गुरे चरत तेथेच वर्ग भरू लागला. त्या शाळेला कुरणशाळा असे नाव पडले.